अब्राहाम यहुदी होता का?

एका वाचकाने विचारलं आहे: "अब्राहामला एका लेखात 'पहिला ज्यू' म्हटलंय, दुसऱ्यात 'हिब्रू', तिसऱ्यात 'इस्रायली'. हे सगळे शब्द एकच का? आणि मराठीत लिहायचं काय, ज्यू, यहुदी की यहूदी?"

शुद्धलेखनाचं आधी सांगून टाकतो. शेवटचं अक्षर दीर्घ असलं की त्याच्या आधीचा उकार ऱ्हस्व, हा आपला नियम. म्हणून मराठीत 'यहुदी'. 'यहूदी' हे हिंदीतलं आणि मराठी बायबलातलं रूप. 'यहुदी' आपल्याकडे फारसी-अरबीतून आला आणि मूळ हिब्रू उच्चाराच्या बराच जवळ राहिला. 'ज्यू' मात्र ग्रीक, लॅटिन, जुनी फ्रेंच असा झिजत झिजत इंग्रजीत पोचला आणि तिथून आपल्याकडे आला. घराणं दोघांचं एकच. मी स्वतः 'यहुदी' लिहितो, कारण त्यात मूळ शब्द अजून ऐकू येतो.

तो मूळ शब्द म्हणजे 'यहूदा'. हिब्रूत 'येहूदी' म्हणजे यहूदाचा. कोल्हापूरचा तो कोल्हापुरी, तसंच. आता बायबलातली वंशावळ पाहा: अब्राहामचा मुलगा इसहाक, नातू याकोब आणि यहूदा हा पणतू. पणजोबाला पणतवाच्या नावाने कसं ओळखायचं? शिवाय याकोबालाच पुढे 'इस्राएल' हे नाव मिळालं, म्हणजे अब्राहाम 'इस्राएली'ही ठरत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात (१४:१३) त्याला 'इब्री' म्हटलंय, म्हणजेच हिब्रू. त्याच्यापुरता तोच शब्द बरोबर. आज यहुदी लोक त्याला आपला मूळपुरुष मानतात, ती श्रद्धेची गोष्ट आहे आणि तिचा मान आहेच. पण शब्दाचं वय वेगळं.

बायबलाबाहेर आधी भेटतो तो 'इस्राएल'. इजिप्तचा राजा मेर्नेप्ताह याच्या इ.स.पू. १२०८च्या सुमाराच्या शिलालेखात पराभूत शत्रूंची यादी आहे. शेजारच्या शहरांच्या नावांपुढे 'परका प्रदेश' अशी खूण आहे. 'इस्राएल'पुढे मात्र बसलेला पुरुष, बसलेली स्त्री आणि खाली तीन रेघा. म्हणजे प्रदेश नव्हे, लोक. लेख कोरणाऱ्याने एवढा फरक केला, तो मला फार मोलाचा वाटतो.

पुढे दोन राज्यं दिसतात, उत्तरेला इस्राएल आणि दक्षिणेला यहूदाच्या वंशाच्या नावाचं 'यहूदा'. इ.स.पू. ७२२च्या सुमारास अश्शूरी (अ‍ॅसिरियन) सैन्याने उत्तरेचं राज्य संपवलं. यहूदा उरलं. या काळात 'येहूदी' म्हणजे त्या राज्यातला माणूस, एवढाच अर्थ. इ.स.पू. ७०१च्या स्वारीच्या अश्शूरी वृत्तांतात राजा हिज्कीयाला 'यहूदाचा' म्हटलंय, तेही याच अर्थाने.

मग इ.स.पू. ५८६च्या सुमारास यहूदाची राजधानी यरुशलेम बाबिलोनी सैन्यापुढे पडली, मंदिर जळलं, अनेकांना बाबिलोनला नेलं. शब्दाचं खरं वळण इथे आहे. बाबिलोनियात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर व्यवहारांच्या नोंदी आहेत आणि त्यांत एका गावाचं नाव येतं, 'आल-याहूदु', यहूदाचं गाव. मुलूख मागे राहिला आणि त्याचं नाव परक्या भूमीतल्या वस्तीला लागलं. इ.स.पू. ५३९मध्ये इराणच्या कोरेशने बाबिलोन जिंकलं. काही जण परतले, पुष्कळसे तिथेच राहिले. आता गाव सोडलेल्यांच्या मुलानातवंडांनाही 'येहूदी' म्हणायचं, तर नुसता 'तिथला रहिवासी' हा अर्थ पुरेना.

एस्तेरच्या पुस्तकात हे एकाच वाक्यात सापडतं (२:५). मर्दखय राहतो इराणातल्या शूशनला, कुळाने तो बन्यामिनी, म्हणजे यहूदाचा भाऊ बन्यामीन याच्या वंशातला, यहूदाच्या नाहीच; तरी त्याची ओळख 'येहूदी'. त्याच पुस्तकात पुढे (८:१७) 'मित्यहदीम' हे क्रियापद आलंय, म्हणजे इतर लोक यहुदी 'झाले' किंवा तसं म्हणवू लागले. ज्या नावाचं क्रियापद होतं, ते नुसतं गावाचं नाव राहत नाही.

धर्म या अर्थाचं भाववाचक नाम त्याहून उशिराचं आणि गंमत म्हणजे ग्रीक. 'युदाइस्मोस' आपल्याला प्रथम दिसतो मक्काबींच्या, म्हणजे ग्रीक राजवटीविरुद्ध बंड करणाऱ्या यहुदी घराण्याच्या, दुसऱ्या ग्रंथात. ग्रीक राजवटीचा दाब आल्यावर आपली रीत म्हणजे काय, ते एका शब्दात सांगायची गरज पडली.

आपल्या कोकणात शब्दाची दुसरी शाखा नांदली. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे इथले यहुदी, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. ते स्वतःला 'बेने इस्राएल' म्हणत, म्हणजे इस्राएलची लेकरं. यहूदाची नव्हे, याकोबाची. अलिबागेत आजही 'इस्राएल आळी' आहे.

तेव्हा लिहिताना मी असं करतो: अब्राहामाच्या काळासाठी 'हिब्रू' किंवा 'इब्री', दोन राज्यांपर्यंत 'इस्राएल लोक' आणि 'यहूदाचे लोक', बाबिलोननंतर 'यहुदी'. 'इस्रायली' हा शब्द आजच्या देशाच्या नागरिकांसाठी राखून ठेवतो. त्यांच्यातले सुमारे एक पंचमांश अरब आहेत, म्हणून तो 'यहुदी'च्या जागी वापरू नये.