धुण्याचं सिंक गळतंय, पुट्टी टिकत नाही

प्रश्न : मागच्या अंगणात मोझॅकचं धुण्याचं सिंक आहे, वीसेक वर्षांपूर्वीचं. तळाला जाळीपासून कोपऱ्यापर्यंत फूटभर तडा गेलाय, खाली विटांवर पाणी ठिबकतं. मळून लावायची एपॉक्सी पुट्टी दोनदा लावली; दोन्ही वेळा महिनाभरात खपली निघावी तशी निघून आली. आता सिंकच बदलावं का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : एवढ्यात नको. आधी सिंकच्या काठावर जोर देऊन पाहा. तड्याच्या दोन बाजू खालीवर होत असतील तर सिंक खालून पोकळ आहे. ती पोकळी एकास तीन सिमेंट-वाळूच्या मालाने भरून घ्या, नाहीतर वर काहीही लावलं तरी पुन्हा तडकणारच. तड्यातून गंजलेली सळई दिसत असेल तर मात्र नवं सिंक आणा. गंज फुगतो आणि आतून सिमेंट फोडत राहतो.

मग गळती नक्की कुठून होते ते बघा. जाळीला बूच लावून सिंक अर्धं भरा, पातळीला पेन्सिलची खूण करा, खाली कोरडं वर्तमानपत्र पसरा आणि दोन तास थांबा. कपलिंगच्या (जाळीखाली पाइप जोडणाऱ्या भागाच्या) नटाभोवतीच ओल आली तर रबर वॉशर बदलून काम भागेल. नट हाताने घट्ट करून पान्याने फक्त पाव फेरा द्या. पुष्कळ सिंकना जाळीपाशी तडा जातो तो हा नट पिळून आवळल्यामुळेच.

पुट्टी सुटली त्यात पुट्टीचा दोष कमीच. सिमेंट पाणी पितं आणि वर्षानुवर्षांच्या साबणाचा चिकट थर त्यावर बसलेला असतो. पुट्टी त्या थराला चिकटते, सिंकला नाही. नुसती वरून फासली तर तिला धरायलाही काही नसतं. म्हणून तड्यावर छोट्या छन्नीने किंवा ग्राइंडरने इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडा : 7 मिमी रुंद, तेवढीच खोल, तडा संपतो त्याच्या दोन सेंमी पुढपर्यंत. ग्राइंडर वापरताना चष्मा आणि मास्क हवाच, ही धूळ फुप्फुसात राहते. तारेच्या ब्रशने आणि धुण्याच्या सोड्याने घासून स्वच्छ धुवा. अ‍ॅसिड ओतू नका. ते सिमेंट आणि संगमरवरी चिप दोन्ही खातं.

खरी परीक्षा वाळवण्याची. मे महिन्यात आपल्याकडे दोन दिवसांचं ऊन पुरतं (नागपूरच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग!), पावसाळ्यात चार-पाच दिवस पंखा लावून ठेवा. रात्री खाचेवर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा. सकाळी आत दव दिसलं तर अजून थांबा.

आता अराल्डाइटसारख्या दोन नळ्यांच्या एपॉक्सीचे दोन्ही भाग सारखे घेऊन खाचेत पातळ हात फिरवा. पाच मिनिटांत घट्ट होणारा प्रकार घेऊ नका, तो पाण्यात कमी टिकतो. हा थर चिकट असतानाच पुट्टी दाबून भरा. दोन्ही गोळे सारखे घ्या, रंगाची एकही रेघ उरत नाही तोवर मळत राहा. रेघ राहिली तिथे पुट्टी मऊच राहते. फूटभर खाचेला जेमतेम 15 ग्रॅम लागते, 50 ग्रॅमची पुडी पुरून उरेल. उन्हाळ्यात काम पहाटे करा, थोडी थोडी मळा, नाहीतर हातातच दगड होतो. बोट ओलं करून सपाट करा, पण तेल किंवा साबण लावू नका. 24 तास पाणी टाकू नका. मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून पुन्हा वर्तमानपत्राची परीक्षा घ्या. भरायचं ते आतूनच. खालून लावलेल्या पुट्टीला पाण्याचा दाब ढकलून पाडतो.

प्रश्न : आमचं सिंक प्लास्टिकचं आहे. हाच उपाय चालेल?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : कडेचं कात्रण काढून पाण्यात टाका. तरंगलं तर ते बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन. त्याला एपॉक्सी धरत नाही, गरम हवेने त्याच जातीच्या प्लास्टिकचा जोड द्यावा लागतो. उन्हाने पांढरं पडून ठिसूळ झालं असेल तर तोही टिकणार नाही, नवंच घ्या. फायबरचं असेल तर तड्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंमी घासून फायबर मॅटचे दोन थर रेझिनने बसवा. रेझिनसोबत मिळणारे कोबाल्ट आणि हार्डनर मात्र कधीही थेट एकमेकांत ओतू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर त्यानंतर.