वाचकांचे प्रश्न : वर घरे, खाली बोगदा

प्रश्न : माझा मुलगा बेंगळूरला नोकरी करतो. मॅजेस्टिकहून कब्बन पार्ककडे जाणारी मेट्रो जमिनीखालून धावते आणि वरची घरे-दुकाने जागच्या जागी असतानाच तो बोगदा पाडला, असे तो सांगतो. आमच्याकडे साधी विहीर खणताना पाषाण लागला, तर सुरुंगाने शेजारच्या भिंतीला तडे जातात. मग भर शहराखाली हे कसे साधले? – एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : आपल्या विहिरीत वर जांभा, मग मुरूम आणि खाली काळा पाषाण असा क्रम लागला असेल, तर प्रत्येक थराला खणण्याची रीत बदलावी लागली असणार. बोगद्याचेही तसेच आहे. जमीन उघडी करून खणायचे, छत घालायचे आणि वर पुन्हा रस्ता करायचा, ही जुनी रीत होय. 1863 साली लंडनची पहिली भुयारी रेल्वे बहुतांशी अशीच झाली आणि 1984 साली सुरू झालेल्या कोलकाता मेट्रोतही तिचाच मोठा वाटा होता. आज ती मुख्यतः स्थानकांपुरती वापरतात. बेंगळूरला दोन स्थानकांमधला बोगदा मात्र यंत्राने पाडला.

सुमारे साडेसहा मीटर व्यासाच्या या यंत्राच्या तोंडाशी फिरते चक्र असते. त्याच्यावरच्या पोलादी चकत्या खडक फोडतात, आणि समोरची माती ढासळू नये म्हणून तिच्यावर खोदलेल्या मातीचाच किंवा बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीच्या चिखलाचा दाब ठेवलेला असतो. यंत्राच्या पाठीमागे काँक्रीटचे तयार तुकडे जोडून कडे उभारतात, त्याच कड्यावर रेटा देऊन यंत्र पुढे सरकते, आणि कडे व जमीन यांच्यामधली फट लगेच सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरतात. ही फट रिकामी राहिली, तर वरची जमीन खचते.

अखंड पाषाण यंत्राला जड जातो खरा, पण खरी डोकेदुखी अर्धा पाषाण नि अर्धी माती असते तेव्हाची. बेंगळूरला कुजलेल्या ग्रॅनाइटी खडकाच्या मातीत न कुजलेले गोटे दडलेले असतात. चकती मऊ मातीतून एकदम गोट्यावर आदळते आणि झिजते किंवा मोडते. इकडे यंत्र रेंगाळते, तिकडे वरची माती हिशेबापेक्षा जास्त आत येते.

सुरुंग शहरातही लावतातच. मुंबईच्या मेट्रो-3 वर गिरगाव व काळबादेवी स्थानकांचा काही भाग, वरती अरुंद गल्ल्या नि जुन्या इमारती असल्यामुळे, आतूनच थोडा-थोडा फोडून त्यावर लगेच काँक्रीटचा फवारा मारत पुढे नेला. भिंतीला बसणारा धक्का एकूण दारूपेक्षा एका क्षणी किती दारू उडते यावर अधिक अवलंबून असतो. म्हणून सगळी भोके एकदम न उडवता त्यांच्यात सेकंदाच्या अगदी लहान अंशाचे अंतर ठेवतात आणि जवळच्या इमारतींत कंपनमापक बसवतात. आपल्या विहिरीवर बहुधा हेच अंतर राखले गेले नसावे. पुढच्या वेळी सुरुंगापूर्वी शेजाऱ्याच्या भिंतीवरील जुन्या तड्यांची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत; मेट्रोच्या कामातही आधी हेच करतात.