चौऱ्याऐंशीचा आकडा आणि शिरस्त्राण घातलेली बाई

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचे पणजोबा खामगावच्या कापूस बाजारात दलाली करायचे. एका गोऱ्या साहेबाने मायदेशी जाताना त्यांना एक लाकडी पेटी दिली. आत बारा मोठे चमचे आणि बारा काटे आहेत, सगळं मिळून वजन पावणेदोन किलो. आजी म्हणायची, चांदी आहे, अडीनडीला कामी येईल. यंदा कपाशीने दगा दिला, त्यात मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची तारीख तोंडावर आली, म्हणून पेटी काढली. प्रत्येक नगावर ‘क्रिस्तोफ्ल’ असं नाव, तराजूचं चित्र आणि इंग्रजीत ८४ हा आकडा आहे. आमच्या ओळखीतले एक जण म्हणाले, ‘चौऱ्यांशी टंच हाये, भाव चांगला येते.’ पुतण्याने मोबाइलवर बघितलं तर ८४ म्हणजे रशियाची चांदी असं निघालं. सराफाकडे न्यायच्या आधी तुम्हाला विचारतो आहे. (एक वाचक, ता. दर्यापूर)

उत्तर : भाऊ, मुलीच्या प्रवेशाचं वाचलं म्हणून तुमचं पत्र सगळ्यांत आधी घेतलं. बातमी चांगली नाही. ही भरीव चांदी नव्हे, चांदीचं पाणी दिलेला धातू आहे.

पुतण्या अगदीच चुकला असं नाही. जुन्या रशियात चांदीचा कस ९६ भागांत मोजत. ९६ पैकी ८४ भाग चांदी म्हणजे हजारी ८७५, हजार भागांत ८७५ भाग चांदी. पण तो आकडा रशियन शिक्क्यासोबत असतो. तुमच्या चमच्यावर फ्रेंच नाव आहे, आणि तिथे ८४ चा अर्थ पार वेगळा. बारा चमचे आणि बारा काटे, या चोवीस नगांवर मिळून ८४ ग्रॅम चांदी चढवली आहे, असं तो आकडा सांगतो. एका नगावर साडेतीन ग्रॅम. चौऱ्याऐंशी टंच, म्हणजे शंभरात चौऱ्याऐंशी भाग चांदी, धरलं असतं तर तुमच्या पेटीत दीड किलोच्या आसपास चांदी निघायला हवी होती. प्रत्यक्षात ती सात तोळ्यांच्या थोडी वर आहे, आणि तीही नवीन असताना. दीडशे वर्षांच्या घासण्याने त्यातलीही गेली असणार.

पॅरिसच्या चार्ल्स क्रिस्तोफ्लने १८४२ मध्ये विजेच्या साहाय्याने चांदी चढवण्याचे हक्क विकत घेतले आणि घरोघरच्या टेबलावर चांदीसारखी चमक आणली. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने राजवाड्यासाठी याच कारखान्यातून भांडी मागवली होती. तेव्हा साहेबाने पणजोबांना हलकी वस्तू दिली असं मुळीच समजू नका. मानाने दिलेला मानाचा माल आहे तो. याच कारखान्याने भरीव चांदीचं कामही केलं आहे, पण त्यावर चांदीचा सरकारी शिक्काही असतो. तो शिक्का कोणता, हे पुढच्या प्रश्नात येईल.

घरच्या घरी खात्री करायची असेल तर चमचा पालथा घाला. टेबलाला टेकतो तो पोटाचा भाग आणि काट्याची टोकं उन्हात बघा. तिथे पिवळसर किंवा करडी झाक दिसली की आतलं पितळ किंवा जर्मन सिल्व्हर (नावात सिल्व्हर, पण चांदी नसलेला तांबं-जस्त-निकेलचा मिश्रधातू) वर आलं आहे. कानस लावू नका, एकही नग मोडून बघू नका. चोवीस नग आणि मूळ पेटी एकत्र आहे, हेच या मालाचं मोल. तो मोडीच्या भावात नाही, संच म्हणून विकायचा असतो. शिक्क्याचे जवळून फोटो काढा, नागपूर-मुंबईच्या जुन्या वस्तूंच्या दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवा, आणि ‘चांदीचं पाणी दिलेला संच’ असंच सांगून विका. चौऱ्याऐंशी टंच म्हणून विकलात तर मुशीत घातल्याबरोबर उघडं पडेल. पैसे परत द्यावे लागतील आणि पणजोबांचं नाव त्याच बाजारात खाली येईल.

प्रवेशाचे पैसे या पेटीवर अवलंबून ठेवू नका, भाऊ. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा अर्ज आजच करा.

प्रश्न : माझ्या सासूबाईंची आई कामठीला मिशनच्या सिस्टरांकडे शिवणकाम करायची. तिच्याकडून आलेला एक पेला आहे. गावातल्या सोनारदादांनी छाप बघून ‘कुठल्यातरी राणीचा आहे, ऐंशी टंच धरतो’ असं सांगितलं. मी तो तुमच्याकडे घेऊन आले होते. तुम्ही सांगितलेलं सगळं माझ्या लक्षात राहिलं नाही, म्हणून लिहून द्यावं ही विनंती. (एक वाचक, ता. चिखली)

उत्तर : लिहून देते, आणि मुद्दाम सविस्तर देते. विदर्भात अशा वस्तू कमी नाहीत. आज फ्रान्समध्ये असलेल्या आनसी गावाहून मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नागपूर-कामठीकडे आले होते. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, मग कापसासाठी युरोपचे व्यापारीही आले. त्यांच्या मागे राहिलेली चांदी आपल्या माजघरात, देवघरात, गव्हाच्या कोठीत आहे. आणि शिक्का न वाचता ती मुशीत जाते, याचं मला फार वाईट वाटतं. माझे वडील खामगावात टंच काढायचं काम करत. ते म्हणायचे, आधी भिंग, मग कसोटी, आणि मूस सगळ्यांत शेवटी.

तुमच्या पेल्यावरची बाई राणी नव्हे. ती मिनर्व्हा, बुद्धीची रोमन देवता. डोक्यावर शिरस्त्राण, चेहरा एका बाजूने दिसणारा. फ्रान्सने १० मे १८३८ पासून हा शिक्का भरीव चांदीसाठी लावला. म्हणजे पेला त्या तारखेच्या आधीचा नाही, एवढं पक्कं. नेमकं साल मात्र या शिक्क्यावरून निघत नाही. त्याच्या आधी, १८१९ ते १८३८ या काळात, म्हाताऱ्याचं डोकं असे, आणि त्याही आधी कोंबडा.

भिंगातून बघताना मी तुम्हाला तिच्या कपाळासमोरचा बारीक १ दाखवला होता. तोच महत्त्वाचा. १ म्हणजे हजारी ९५०. हनुवटीखाली २ असता तर हजारी ८००. आपल्या बीआयएस हॉलमार्कच्या त्रिकोणाशेजारी कसाचा आकडा असतो, तेच काम हा एवढासा १ करतो. चौकटही बघा, १ असलेल्या शिक्क्याची चौकट कोपरे छाटलेली, आठ बाजूंची असते. सोनारदादांनी फसवलं असं मी म्हणत नाही. नुसत्या डोळ्यांना तो आकडा दिसतच नाही. पण ९४ ग्रॅमच्या पेल्यात ऐंशी टंच आणि पंचाण्णव टंच यांत चौदा ग्रॅम चांदीचा फरक पडतो.

शेजारी दुसरा शिक्का आहे तो कारागिराचा. त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा, आत नावाची आद्याक्षरं आणि एक खूण. १७९७ च्या कायद्याने भरीव चांदीच्या कारागिराला शंकरपाळं दिलं आणि मुलामा देणाऱ्याला चौकोन. हे एवढं जरी लक्षात ठेवलंत तरी बाजारात अर्धं काम झालं. आद्याक्षरांवरून कारागीर सापडला की त्याच्या कामाच्या वर्षांवरून वस्तूचा काळ ठरतो.

आता खरा-खोटा शिक्का. शिक्का हा पोलादी ठशावर टोला मारून उठवलेला असतो. त्यामुळे कडा धारदार आणि आजूबाजूचा धातू किंचित दबलेला दिसतो. अस्सल भांड्याचा साचा घेऊन नक्कल ओतली की शिक्काही ओतून येतो. त्याच्या कडा लोण्यासारख्या गोल होतात, तळाला बारीक छिद्रं पडतात. सहा चमच्यांच्या संचात सहाही शिक्के त्याच जागी, त्याच कोनात, त्याच ओरखड्यासह असतील तर ते ओतीव आहेत, कारण हाताने मारलेले सहा टोले असे जुळत नाहीत. दुसरी लबाडी डाखाची असते. लहान चमच्याचा शिक्का कापून मोठ्या भांड्याच्या बुडाला डाखतात. अशा जागेवर तोंडाची वाफ सोडा, डाखाची रेघ वेगळ्या रंगाने उमटते.

फ्रेंच तपासनीसांची एक युक्ती मला फार आवडते. टोला मारताना भांडं ज्या ऐरणीवर टेकवत, तिच्यावर बारीक किड्यांची नक्षी कोरलेली असे. वर मिनर्व्हा उठली की त्याच क्षणी मागच्या बाजूला किड्यांचा ठसा. खोटं करणाऱ्याला दोन्ही बाजू साधायला हव्यात. तुमच्या पेल्याच्या आत, शिक्क्याच्या बरोबर मागे, बोट फिरवल्यावर जो खरखरीतपणा लागला तो हाच. तो दिसला तेव्हा मला माझे वडील आठवले, हे तुम्हाला तिथे सांगायचं राहिलं.

शिक्का पटला तरी धातूला विचारावंच. कसोटीवर घासलं की वरच्या थराचा कस कळतो, आतला नाही. चुंबकावरही भिस्त नको, कारण पितळ आणि जर्मन सिल्व्हरही चुंबकाला चिकटत नाहीत. आपण केली ती पाण्याची परीक्षा तुम्हीही करू शकता. सराफी काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचा. वस्तू दोऱ्याने पूर्ण बुडवायची, बुडाला-काठाला टेकू द्यायची नाही, चिकटलेले बुडबुडे झटकायचे. काटा ९.०४ दाखवत होता. ९४ ला ९.०४ ने भागलं, उत्तर १०.४ च्या जवळ आलं, म्हणजे पेल्याचा धातू पाण्याच्या एवढ्या पट जड. पंचाण्णव टंचाचं एवढंच यायला हवं. ऐंशी टंच १०.१ च्या आसपास थांबतं आणि जर्मन सिल्व्हर पावणेनऊच्याही खाली. सुरीच्या मुठीसारख्या पोकळ आणि आत राळ भरलेल्या वस्तूंना मात्र ही परीक्षा लागू नाही.

शिक्का, मागचे किडे आणि पाण्यातलं वजन, तिन्हींनी एकच सांगितलं. पेला अस्सल आहे. विकायची गरज नसेल तर विकू नका, आणि नातीला देताना कामठीच्या शिवणकामाची गोष्टही सोबत द्या.

प्रश्न : जुन्या बाजारात एक तपकिरीची डबी घेतली. तिच्यावर खेकडा आहे. हा खरा शिक्का असतो का? (एक वाचक, मूर्तिजापूर)

उत्तर : असतो. मिनर्व्हाचा ठसा न मावणाऱ्या लहान वस्तूंसाठी पॅरिसबाहेर खेकडा आणि पॅरिसमध्ये रानडुकराचं डोकं मारत. दोन्ही किमान हजारी ८०० ची हमी देतात. झाकण आणि तळ वेगवेगळे बघा, दोन्हींवर खूण असेल तर उत्तम. हंस दिसला तर मात्र ‘फ्रान्समध्ये घडवलेली’ असं म्हणू नका. १८९३ पासून तो शिक्का कुठून आली ते न ठरलेल्या चांदीला लावतात. चांदी खरी, गाव अनोळखी.

प्रश्न : दिवाळीला चांदी रांगोळीने घासावी की चिंचेने? (एक वाचक, ता. नांदुरा)

उत्तर : शिक्के असलेली जुनी वस्तू असेल तर दोन्ही नको. एकोणीस वर्षांची असताना मी दुकानात आलेला एक परदेशी चमचा बफवर, म्हणजे पॉलिशच्या चाकावर, धरला. आरशासारखा लखलखीत झाला, आणि शिक्का गेला. वडील रागावले नाहीत. भिंग लावून किती तरी वेळ त्या गुळगुळीत जागेकडे बघत बसले. चमचा मोडीत गेला. कोणाचा, कुठला, केव्हाचा, हे आता कधीच कळणार नाही.

कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, मऊ सुती फडकं, आणि लगेच कोरडं करणं, एवढं पुरे. शिक्क्याच्या खाचेतला काळा थर तसाच राहू द्या. त्या काळ्यामुळेच भिंगाखाली मिनर्व्हाचं नाक दिसतं.