डीएओमध्ये ज्याचे टोकन जास्त त्याचेच चालते. यावर काही नवा उपाय निघाला आहे का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की रत्नागिरीकडच्या तुमच्या वाडीतल्या मुंबईकर पोरांना मंडळाचा निधी ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या सामायिक नोंदवहीत, ठेवून डीएओ म्हणजे कोडवर चालणारी संस्था करायची आहे, आणि गावातल्यांना भीती आहे की वर्गणी जास्त देणारे मुंबईकरच मग सगळं ठरवतील. भीती रास्त आहे. मी मालवण तालुक्यात घरी बसून प्रोग्रॅमिंग करतो. दोन वर्षं एका परदेशी डीएओत डेलिगेट होतो, म्हणजे काही टोकनवाल्यांनी आपली मतं मला सोपवली होती. (टोकन म्हणजे विकत घेता येणारा डिजिटल हिस्सा; जितके टोकन तितकी मतं.) तिथे तीन वॉलेटांचं, म्हणजे टोकन ठेवायच्या डिजिटल खात्यांचं, एकमत झालं की बाकी आम्ही सगळे शोभेपुरते. एकदा ऐन आषाढात वीज गेली आणि माझं मत टाकायचं राहिलं. निकालात काडीचा फरक पडला नाही. सुटल्यासारखंही वाटलं आणि वाईटही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: डीएओत संस्थेचे नियमही स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आणि तिजोरीही तिथेच. प्रस्ताव मंजूर झाला की पैसे आपोआप सुटतात. चेकवर सही करायला खजिनदार नाही, त्यामुळे "जरा थांबा हो" म्हणणारंही कोणी नाही. म्हणून तिथे मतदानाला एवढं महत्त्व, आणि एवढा धोका.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मतं मोजायच्या नव्या पद्धतींवर लोकांनी खूप डोकं चालवलं, पण त्यातून हाती थोडंच लागलं. कामाचं जे काही घडलं ते दुसऱ्या बाजूला, मतदानात हरलेल्या माणसाच्या हातात पुढे काय उरतं, या प्रश्नावर.

मोजायच्या पद्धतींचं आधी उरकतो. एक प्रसिद्ध पद्धत वर्गमुळाची: १०० टोकनवाल्याला १०० ऐवजी १० मतं. ऐकायला झकास. पण तोच माणूस १०० वॉलेटं उघडून प्रत्येकात एक टोकन ठेवतो आणि पुन्हा १०० मतं घेऊन हजर! यावर उपाय म्हणजे माणूस ओळखणं, आणि वॉलेटला चेहरा नसतो. ऑप्टिमिझम या ब्लॉकचेन प्रकल्पाने २०२२ पासून दोन सभागृहं ठेवली आहेत. एकात टोकनची मतं, दुसऱ्यात नागरिक म्हणून दिलेली, विकता न येणारी मतं. कल्पना मला आवडते, फक्त नागरिक कोण हे ठरवणारं कोणीतरी लागतंच, आणि तिथे जुनंच राजकारण मागच्या दाराने आत येतं. रॉबिन हॅन्सन या अर्थतज्ज्ञाची फ्युटार्की म्हणून आणखी एक कल्पना आहे. तीत मत द्यायचंच नाही. प्रस्ताव मंजूर झाला तर टोकनचा भाव वाढेल की घसरेल यावर बाजारात पैसे लावायचे आणि बाजार म्हणेल ते करायचं. सोलाना या ब्लॉकचेनवर मेटाडीएओ हे प्रत्यक्ष चालवते. वाडीच्या मंडळाला याचा उपयोग शून्य, कारण सभामंडपाच्या पत्र्यांना बाजारभाव नसतो.

मुळात मत विकत मिळत असेल तर ते भाड्यानेही मिळतं. १७ एप्रिल २०२२ ला बीनस्टॉक या क्रिप्टो प्रकल्पाचं हेच झालं. एकाने आदल्या दिवशी दोन प्रस्ताव टाकून ठेवले. त्यातला एक युक्रेनला मदत देण्याचा, दिसायला सोज्वळ. दुसऱ्या दिवशी त्याने फ्लॅश लोन काढलं, म्हणजे एकाच व्यवहारात घ्यायचं आणि फेडायचं कर्ज, तेही सुमारे १०० कोटी डॉलरचं. त्यातून दोन तृतीयांशाहून जास्त मतं मिळवली, आपलेच प्रस्ताव मंजूर केले, तिजोरी रिकामी केली आणि कर्ज फेडून मोकळा झाला. सुमारे १८ कोटी २० लाख डॉलरचं नुकसान. आणि नियम एकही मोडला नव्हता, ही त्यातली खरी गंमत. म्हणून आता शहाण्या डीएओत प्रस्ताव येण्याआधी ज्याच्याकडे टोकन होतं त्याचंच मत धरतात, आणि मंजुरीनंतरही काही दिवस पैसे हलू देत नाहीत. याला टाइमलॉक म्हणतात.

पण वेळ मिळूनही लोक जागे नसतील तर? जुलै २०२४ मध्ये कंपाउंड या क्रिप्टोत कर्ज देणाऱ्या डीएओत एका गटाने तिजोरीतले जवळपास ५ लाख कॉम्प टोकन, म्हणजे त्या वेळचे सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर, आपल्या योजनेत वळवायचा प्रस्ताव आणला. दोनदा जमलं नाही, तिसऱ्यांदा शनिवार-रविवार गाठून ६,८२,१९१ विरुद्ध ६,३३,६३६ असा काढून घेतला. बोंबाबोंब झाल्यावर वाटाघाटी होऊन तो मागे घेतला गेला. आपल्याकडे गौरी-गणपती उरकून चाकरमान्यांच्या गाड्या घाटावर चढल्या की दुसऱ्या दिवशी सभा लावतात ना, तीच ही चाल.

आता मुद्द्याचं. आमच्या घराचा रापणीत वाटा होता. रापण न पाहिलेल्यांसाठी: होडीतून जाळं अर्धगोल सोडत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडून माणसं ओढतात. आमच्या रापणीत ते लांबलचक जाळं एकाच्या मालकीचं नव्हतं. प्रत्येक घराचा तुकडा, सगळे एकमेकांना जोडलेले. भांडण झालं आणि कोणी "मी चाललो" म्हणाला की आजोबा म्हणायचे, "तुझा जाळा तू व्हर, पण आजचे वाटे होवंदे आधी." जायची मोकळीक होती. पण ज्या ओढीला तू दोराला हात लावलास तिचा हिशेब पुरा करून जायचं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवर मोलोक डीएओ आली आणि तिचा रेजक्विट नावाचा नियम वाचताना मला आजोबाच आठवले. सात दिवस मतदान, पुढचे सात दिवस मोकळीक. निकाल पटला नाही तर त्या मुदतीत आपल्या वाट्याचे पैसे तिजोरीतून उचलून चालू पडायचं. मात्र ज्याने प्रस्तावाच्या बाजूने मत दिलं, त्याला त्या प्रस्तावाची अंमलबजावणी होईपर्यंत जाता येत नाही. यामुळे बहुमतवाल्यांना अल्पमतवाल्यांचा विचार करावाच लागतो. तिजोरी लुटायचा प्रस्ताव आणला तर लुटायला मागे उरतात फक्त लुटणाऱ्यांचेच पैसे.

बाहेर पडायचं दार ही कल्पना मात्र मोलोकची नव्हे. २०१६ च्या मूळ 'द डीएओ'तही वेगळं व्हायची सोय होती, आणि चोर नेमका त्याच दारातून आला. वेगळं होणाऱ्याचे पैसे आधी निघायचे आणि त्याच्या नावापुढचा आकडा नंतर कमी व्हायचा. त्या फटीत पुन्हापुन्हा हात घालून त्याने सुमारे ३६ लाख इथर, म्हणजे इथेरियमचं चलन, काढले. शेवटी ते परत मिळवायच्या वादात जुलैत इथेरियमची साखळी म्हणजे ब्लॉकचेनच दुभंगली. जुनी शाखा आजही इथेरियम क्लासिक म्हणून चालू आहे.

दार नीट बसवलं तरी त्याचा त्रास वेगळा. नाउन्स डीएओत रोज एका डिजिटल चित्राचा लिलाव व्हायचा, सगळा पैसा सामायिक तिजोरीत, आणि एका चित्राला एक मत. पुढे चित्राचा बाजारभाव त्याच्या वाट्याला येणाऱ्या तिजोरीच्या रकमेपेक्षा खाली गेला. मग लोक चित्र घेऊ लागले ते बाहेर पडण्यासाठीच! सप्टेंबर २०२३ च्या फाटाफुटीत निम्म्याहून जास्त चित्रंवाले सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर घेऊन वेगळे झाले. अर्धं जाळं गेलेली रापण समुद्रात टाकून उपयोग काय?

म्हणून मला सगळ्यात विचारपूर्वक वाटते ती लोकांचं इथर ठेवीसारखं घेणाऱ्या लिडो या डीएओने २०२५ मध्ये लागू केलेली दुहेरी व्यवस्था. तिथली परिस्थिती आपल्या पतपेढीसारखी आहे: कारभार लिडोच्या एलडीओ या टोकनवाल्यांच्या हाती, पैसे मात्र इथर ठेवणाऱ्यांचे. ठेवीदाराला कारभारात मत नाही, पण आता ब्रेक आहे. एखादा निर्णय पटला नाही तर ठेवीदार आपल्या ठेवीच्या पावत्या निषेध म्हणून अडकवून ठेवतात. अशा पावत्या एकूण ठेवींच्या १ टक्क्यावर गेल्या की अंमलबजावणी लांबू लागते, ५ दिवसांपासून ४५ दिवसांपर्यंत. १० टक्क्यांवर गेल्या की नाराज मंडळी पैसे घेऊन बाहेर पडेपर्यंत सगळा कारभार ठप्प. आधी खोळंबा, आणि दार शेवटी.

तुमच्या वाडीचं म्हणाल तर निधी साखळीवर नेऊ नका. २०२२ पासून आपल्याकडे अशा क्रिप्टो मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर व्यवहारावर १ टक्का टीडीएसची भानगड. शिवाय "संस्था कोडमध्ये आहे, जबाबदार कोणीच नाही" हे कोर्टात चालत नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये वायदेबाजाराच्या नियामकाने ओकी डीएओवर खटला भरला, समन्स बजावलं ते तिच्या संकेतस्थळावरच्या मदतीच्या चॅटमधून, आणि पुढच्या वर्षी ६ लाख ४३ हजार डॉलरचा दंड लागला. तुमचं मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल तर तेच बरं.

नियम मात्र उचला. वर्गणी कितीही असो, घरटी एक मत. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात शेअर कितीही असले तरी सभासदाला एकच मत हे १९६० पासून आहेच. मंजूर खर्चाला पंधरा दिवस हात लावायचा नाही, आणि तेवढ्यात ठरावीक घरांनी लेखी हरकत घेतली तर तो पुढच्या सभेपर्यंत थांबेल, असं घटनेत लिहून घ्या. वाटा काढून नेण्याचा नियम तेवढा घेऊ नका. जाळ्याचा तुकडा नेता येतो, सभामंडपाची फरशी उपटून नेता येत नाही. आणि ती सभा शिमग्यात ठेवा, पालखी वाडीत असते तेव्हा. तेवढे दोनचार दिवस तुमचे मुंबईकर आणि गावकरी एकाच अंगणात सापडतील.