व्हीआरएसआधी हप्त्यांचा हिशेब

चाकणच्या एका कारखान्यात २७ वर्षं काढलेल्या, ५१ वर्षांच्या वाचकांचा प्रश्न: कंपनी ३८ लाखांची व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) देतेय, घेऊ का? पगार हातात ९५ हजार येतो, घरखर्च ४५ हजार, कर्ज नाही, मुलगी बारावीला. पुंजी त्यांनी १ कोटी ७१ लाख मांडली आहे: व्हीआरएस ३८, पीएफ ४२, ग्रॅच्युइटी ८, एफडी १२, म्युच्युअल फंड ९ आणि ‘पॉलिसी ६२’.

व्हीआरएसचं सांगतो, पण आधी हे ६२ लाख यादीतून खोडा. ते तुमच्याकडे नाहीत. तुमच्याकडे आहे वर्षाला ३ लाख ६० हजार हप्त्याची, दहा वर्षं भरायची पॉलिसी. दोन हप्ते भरलेत, आठ बाकी. म्हणजे अजून २९ लाख तुम्हीच द्यायचे आहेत. घरखर्चाच्या ४५ हजारांतही हा हप्ता नाही, कारण ‘ती बचत आहे’ असं तुम्ही लिहिता. पगार चालू आहे तोवर बचत. पगार थांबला की तेच महिना ३० हजारांचं देणं होतं.

पत्रासोबतच्या कागदावर बँकेच्या प्रतिनिधीने निळ्या पेनाने ‘१७२%’ लिहून त्याभोवती गोल केलाय. बाराव्या वर्षापासून दहा वर्षं ६.२ लाख मिळणार, त्याला ३.६ ने भागलं, झाला आकडा तयार. मधे किती वर्षं पैसे अडकून राहतात ते या भागाकारात कुठेच नाही. ती वर्षं धरली की परतावा ५ टक्क्यांच्या आसपास येतो. तुमच्या पीएफला ८.२५ टक्के मिळत असताना! एकोणपन्नाशीच्या माणसाला, ज्याच्या कारखान्यात तेव्हाही कपातीची चर्चा होती, दहा वर्षांचा हप्ता गळ्यात मारला याचा मला मनापासून संताप येतो. आणि आता तोच प्रतिनिधी ‘व्हीआरएसचे पैसे आले की फोन करा’ म्हणतोय. करू नका.

आता खरी बेरीज. ६२ गेले, राहिले १०९. व्हीआरएसच्या रकमेतले फक्त ५ लाख करमुक्त असतात, तेही योजना आयकराच्या नियमांत बसत असेल तर. उरलेल्या ३३ लाखांवर कर लागेल. नव्या करप्रणालीत, आजच्या दरांनी, पैसे एप्रिलनंतर म्हणजे पगार नसलेल्या वर्षात आले तर ६ लाखांच्या आसपास. मार्चआधी, वर्षभराच्या पगारावर चढून आले, तर साडेनऊच्या घरात. एचआरशी तारखेचं आधी बोलून घ्या. ६ वजा करा, मुलीच्या शिक्षणाचे १५ बाजूला ठेवा. उरले ८८.

घरखर्च आणि स्वतःचा मेडिक्लेम मिळून वर्षाला ६ लाख धरू. व्याज महागाईला पुरतं असं मानलं तर ८८ भागिले ६, पंधरा वर्षंसुद्धा नाहीत. सहासष्टीला पैसे संपले. पत्नी तुमच्याहून तीन वर्षांनी लहान आहेत, हेही तुम्हीच लिहिलंय. हप्ते भरत राहिलात तर एकसष्टी-बासष्टीलाच खडखडाट, आणि त्या सुमाराला सुरू होणारे ६.२ लाख आजच्या साडेतीन लाखांएवढेच असतील.

तुम्ही दोन आशा धरल्या आहेत, त्याही सोडा. पीएफच्या पेन्शनचे २५ हजार मिळणार नाहीत. जादा पेन्शनचा, म्हणजे पूर्ण पगारावर पेन्शनचा, पर्याय तुम्ही दिलेला नव्हता, त्यामुळे हिशेब सप्टेंबर २०१४ आधीच्या सेवेला ६,५०० आणि नंतरच्या सेवेला १५,००० पगार धरून होतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी साधारण ३,८०० रुपये येतील. आज मागितली तर दर वर्षामागे ४ टक्के कापून पावणेतीन हजार. दुसरी आशा सीनियर सिटिझन स्कीमच्या ८.२ टक्क्यांची. व्हीआरएस घेतलेल्यांना ती पंचावन्नपासून खुली असते, तुम्ही एक्कावन्नचे आहात.

तेव्हा, व्हीआरएस घेऊ का? कर जाऊन तुमच्या हाती ३२ लाख येतील. पीएफ धरून तुमची नोकरी वर्षाला पावणेतेरा लाखांची आहे. जेमतेम अडीच वर्षांच्या कमाईवर कंपनी तुमची सात वर्षं मागतेय. कारखाना अडीच वर्षांहून जास्त चालेल असं तुम्हाला आतून दिसत असेल तर घेऊ नका. महिना ७५ हजारांची दुसरी नोकरी पत्रासकट हातात असेल तर खुशाल घ्या, मी अडवणार नाही. ‘काहीतरी कन्सल्टिंग करीन’ हे मी उत्पन्नात धरत नाही.

राहिलात किंवा निघालात, दोन गोष्टी पगार चालू असतानाच करा. तुम्हाला मधुमेह आहे. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाऊन आधीची वर्षं जमेस धरता येतात का, ते आत्ताच विचारा. टर्म इन्शुरन्सही (मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा) आत्ताच, कारण पगाराची स्लिप नसली की तो मिळणं अवघड होतं, आणि पीएफसोबतचा सात लाखांपर्यंतचा विमा नोकरीपुरताच असतो.

पॉलिसीचं उत्तर मात्र कोणत्याही परिस्थितीत तेच: तिसरा हप्ता भरू नका. पण पैसे लगेच काढूनही घेऊ नका. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा, आज सरेंडर केली (मोडून पैसे घेतले) तर किती आणि पेड-अप केली (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली) तर किती. बहुतेक पॉलिसींत पेड-अपला भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात मिळतं, म्हणजे तुम्हाला दहा वर्षांत मिळून १२ लाखांच्या आसपास, तेही साठीनंतर. त्याची आजची किंमत साधारण ५ लाख. सरेंडरला त्याहून जास्त देत असतील तर पैसे घ्या, कमी असतील तर पेड-अप करून ठेवा. भरलेल्या ७ लाख २० हजारांतले काही बुडतील, याचं वाईट वाटेल. पण ते वाचवायला आणखी २९ लाख ५ टक्क्यांत घालू नका. टर्म पॉलिसी हातात पडेपर्यंत मात्र ही बंद करू नका. आणि अर्ज विमा कंपनीच्या शाखेत स्वतः नेऊन द्या, प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. बँकेतल्या त्या प्रतिनिधीच्या हाती देऊ नका.