घास घेतला की जबड्यात कळ: दाढ काढायच्या आधी हे बघा

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझ्या आईबद्दल विचारायचंय. वय 58, आम्ही कराडजवळ राहतो. गेल्या दिवाळीपासून तिच्या उजव्या बाजूच्या खालच्या जबड्यात भयंकर दुखतं, पण सारखं नाही, भाकरीचा घास चावला किंवा गार पाण्याचा घोट घेतला की एकदम करंट लागल्यासारखी कळ येते, हातातला घास ताटात टाकून ती गाल धरून बसते आणि मिनिटभरात परत नॉर्मल. दात घासताना, तोंड धुताना, गाडीवर वारा लागला तरी होतं. दाताच्या डॉक्टरांनी आधी एका दाढेचं रूट कॅनाल केलं, फरक नाही, मग ती दाढ काढली, थोडे दिवस बरं वाटलं आणि परत सुरू. आता शेजारची दाढ काढायची म्हणतायत. पेनकिलरचा काही उपयोग होत नाही. आई आता जेवायलाच घाबरते, वजन उतरलंय, घरातले म्हणतात टेन्शनमुळे होत असेल. दाढ काढू का?

उत्तर: ताई, आधी सरळ उत्तर देते, दुसरी दाढ आत्ता काढू नका. आईला आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे करंटसारखी कळ, एकाच बाजूला, काही सेकंदांत येऊन जाणारी, मधल्या वेळात काहीच नाही, आणि घास, पाणी, ब्रश, वारा अशा साध्या गोष्टींनी सुरू होणारी, हे वर्णन ट्रायजेमिनल न्यूरल्जियाचं आहे. आईला तपासल्याशिवाय मी ठाम सांगू शकत नाही, पण या आजाराचं निदान मुळात पेशंटच्या सांगण्यावरूनच होतं, त्यामुळे हे जसंच्या तसं डॉक्टरांना सांगा, "दाढ दुखते" एवढंच सांगू नका.

यात नेमकं काय होतं ते समजून घ्या म्हणजे दाढेचा हट्ट सुटेल. चेहऱ्यावरची संवेदना मेंदूपर्यंत नेणारी ट्रायजेमिनल नावाची एक नस असते, मेंदूतून निघणाऱ्या नसांमधली पाचवी, उजवीकडे एक आणि डावीकडे एक. तिच्या तीन फांद्या, एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे आणि खालच्या दातांकडे. ही नस मेंदूच्या बुंध्यापाशी जिथे शिरते तिथे बऱ्याच जणांमध्ये एखादी रक्तवाहिनी तिला टेकलेली असते, प्रत्येक ठोक्याला ती नसेवर आपटत राहते आणि वर्षानुवर्षांनी नसेवरचं आवरण झिजतं, वायरचं प्लास्टिक सोलवटावं तसं. मग साध्या स्पर्शाचा निरोप वेदनेच्या तारेत उडी मारतो. म्हणून तर भाकरी कडक आहे की मऊ याचा फारसा संबंध नसतो, ओठाला किंवा हिरडीला नुसतं काही लागलं तरी पुरतं, आणि म्हणूनच वाऱ्याने पण कळ येते. दातांची संवेदना याच नसेतून जाते, त्यामुळे बिघाड कवटीत असला तरी पेशंटला शपथेवर वाटतं की ही दाढच आहे. खूपदा पेशंटच डॉक्टरांच्या मागे लागतो की काढून टाका एकदाची. आणि दातामुळे दुखणारे पेशंट याच्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, त्यामुळे दंतवैद्याने पहिल्यांदा दाढेकडे बघितलं यात काही गैर नाही. पण एक दाढ गेली, फरक पडला नाही, तरी दुसरी काढायची, हे मला अजिबात पटत नाही. चांगले दात गमावून मग न्यूरॉलॉजिस्टकडे पोचलेले पेशंट या आजारात जगभर आहेत.

दाढ काढल्यावर थोडे दिवस बरं वाटलं त्याचं कारण पण आजाराच्या स्वभावातच आहे. ही कळ लाटांनी येते, काही आठवडे रोज, मग आपोआप काही आठवडे, कधी कधी महिनेच्या महिने गायब. त्या काळात जो काही उपाय चालू असेल, मग ती दाढ असो, लवंग असो की कुणी दिलेलं तेल असो, त्याला श्रेय मिळतं.

हे नवं दुखणं नाही. 1773 साली लंडनमध्ये जॉन फॉदरगिल नावाच्या डॉक्टरांनी अशाच पेशंटचं वर्णन मांडलं होतं, अचानक येणारी, थोडाच वेळ टिकणारी, जेवताना बोलताना किंवा हलक्या स्पर्शाने सुरू होणारी कळ. आजही पन्नाशीनंतर, बायकांमध्ये आणि उजव्या बाजूला जास्त दिसतं, म्हणजे तुमची आई त्या वर्णनात चपखल बसते.

आता दाताचं दुखणं वेगळं कसं ओळखायचं? गार पाणी लागल्यावर ठणका बराच वेळ रेंगाळतो, रात्री झोपेतून उठवतो, दाढेवर ठोकलं की तीच एक दाढ दुखते, असं असेल तर आतली नस सुजलीय. दाढेला बारीक चीर असेल तर चावून दाब सोडताना सणक येते, आणि ती एक्सरेत बऱ्याचदा दिसत नाही. कानासमोर दुखतं, तोंड उघडताना कट्ट वाजतं, सकाळी जबडा आखडलेला असतो, तर जबड्याचा सांधा किंवा रात्री दात आवळायची सवय. यातलं काही तुमच्या पत्रात नाही. तरी ओपीजी एक्सरे, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्सरे, काढला नसेल तर काढून घ्या आणि जवळच्या डेंटल कॉलेजात ओरल मेडिसिन विभागात दुसरं मत घ्या, तिथे फी कमी असते आणि दाढ काढायची घाई नसते.

औषधाबद्दल. साधी पेनकिलर यात चालत नाही, उगाच गोळ्या वाढवून आईची किडनी आणि पोट बिघडवू नका. चालतं ते कार्बामाझेपिन, हे खरं तर फिटचं औषध, पण 1962 पासून या कळेसाठी वापरात आहे आणि आजही पहिलं औषध तेच. बऱ्याच जणांना थोड्याच दिवसांत इतका फरक पडतो की निदानाला त्याचीच मदत होते. फिटची गोळी का दिली म्हणून घाबरून बंद करू नका. सुरुवात साधारण 100 मिलिग्रॅमने, मग डॉक्टर हळूहळू वाढवतात. पहिल्या दिवसांत झोप येते, चक्कर येते, तोल जातो, तेव्हा आईला रात्री बाथरूमला एकटं जाऊ देऊ नका, या वयात पडलं की हाड मोडतं. मधून मधून रक्त तपासावं लागतं कारण सोडियम उतरू शकतं, लिव्हर आणि रक्तपेशींवर पण लक्ष ठेवावं लागतं. बीपीच्या, रक्त पातळ करायच्या, सगळ्या चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा. आणि हे नीट लक्षात ठेवा, अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले किंवा ताप आला तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. क्वचित पण जीवघेणी रिअॅक्शन होते आणि आशियाई लोकांमध्ये त्याच्याशी जोडलेला एक जीन आहे, एचएलए-बी 1502, त्याची टेस्ट औषध सुरू करायच्या आधी करायची का हे विचारा. कार्बामाझेपिन सोसलं नाही तर ऑक्सकार्बाझेपिन, बॅक्लोफेन असे पर्याय आहेत.

एमआरआय एकदा करावाच लागेल. रक्तवाहिनी टेकलीय का ते दिसतं, आणि थोड्या पेशंटमध्ये मागे गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) निघतं, ते चुकवून चालत नाही. फॉर्मवर ट्रायजेमिनल नसेसाठी असं स्पष्ट लिहून घ्या, साध्या मेंदूच्या एमआरआयमध्ये ही बारीक जागा नीट येत नाही.

गोळ्यांनी भागलं नाही तर ऑपरेशन आहे, कानामागून छोटी खिडकी करून ती रक्तवाहिनी नसेपासून बाजूला करतात आणि मधे टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. दहा वर्षांनीसुद्धा दहापैकी सातएक पेशंट कळेपासून मोकळे असतात, म्हणून तब्येत चांगली असेल तर मी या ऑपरेशनला घाबरू नका म्हणेन, पण ते ज्यांच्या नेहमीच्या हातातलं आहे अशा न्यूरोसर्जनकडेच करा. भूल झेपणार नसेल तर सुईने नस बधिर करणं किंवा गॅमा नाइफ, म्हणजे चिरफाड न करता नसेवर किरण सोडणं, आहे, त्यात गाल सुन्न राहू शकतो. खर्चाचं म्हणाल तर हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात, महात्मा फुले योजनेत काय बसतंय ते त्यांना विचारा.

तोपर्यंत आईचं जेवण, याची मला जास्त काळजी वाटते कारण वजन उतरलंय म्हणताय. सगळं कोमट द्या, गार नको आणि उकळतं पण नको. तांदळाची पेज, मुगाची पातळ खिचडी, नाचणीची आंबील, तूप घालून मऊ वरणभात, चालत असेल तर अंडं. घास छोटा आणि डाव्या बाजूने. गोळीची वेळ जेवणाच्या आधी येईल अशी डॉक्टरांकडून बसवून घ्या. एक कळ येऊन गेली की लगेच नंतर थोडा वेळ दुसरी येत नाही असं खूप पेशंटच्या लक्षात येतं, तेवढ्यात दोन घास पोटात जातात. बाहेर जाताना गालावरून स्कार्फ, दात घासायला कोमट पाणी.

आणि घरातल्यांना सांगा, हे टेन्शनने होत नाही. उलट या कळेने माणूस खचतो, बोलायला घाबरतो, माणसांतून उठतो, कारण माणसाला होणाऱ्या सगळ्यात तीव्र वेदनांमध्ये हिची गणना होते. आई "आता जगणं नको" असं काही बोलली तर ते हसण्यावारी नेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला.

प्रश्न: मी 34 वर्षांचा, डोंबिवली. जेवायला बसलो की डाव्या बाजूला जबड्याच्या हाडाखाली सुपारीएवढा गोळा येतो आणि ताणल्यासारखं दुखतं, लिंबाचं लोणचं असेल तर जास्तच. तासाभराने उतरतं. कॅन्सर तर नाही ना?

उत्तर: जेवणासोबत चढणारी आणि मग उतरणारी सूज म्हटलं की पहिला संशय लाळेच्या खड्याचा. जबड्याखाली लाळेची ग्रंथी असते, तिची नळी खालून वर जिभेखाली येते, लाळ दाट आणि चढण, म्हणून लाळेचे दहापैकी आठ खडे याच ग्रंथीत होतात. आंबट दिसलं की लाळ सुटते, पुढे वाट बंद, मग ग्रंथी फुगते. कॅन्सरची गाठ अशी ताटाबरोबर येत-जात नाही, पण सूज उतरलीच नाही, टणक राहिली किंवा जीभ-ओठ बधिर वाटले तर लगेच दाखवा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, ते जिभेखाली बोट घालून चाचपतात, सोनोग्राफी सांगतात. छोटा खडा भरपूर पाणी, शेक, मागून पुढे हलका मसाज आणि लिंबाची फोड चोखून कधी कधी आपोआप पडतो, मोठा असेल तर तोंडातूनच काढतात, आता दुर्बिणीने पण होतं. ताप आला किंवा जिभेखाली पू दिसला तर घरगुती उपाय बंद, अँटिबायोटिक लागतं.

प्रश्न: वडील 71 वर्षांचे. चपाती चावताना दोन्ही जबडे दुखून येतात, थांबले की बरं वाटतं. महिनाभर कानशिलं दुखतायत, कंगवा फिरवला तरी डोकं दुखतं. काल थोडा वेळ एका डोळ्याने अंधुक दिसलं. कवळी बदलायची का?

उत्तर: या पत्राचं उत्तर अंकाची वाट न बघता आधीच कळवलंय, इथे बाकीच्या वाचकांसाठी छापतोय. कवळीचा विचार आत्ता नको, त्यांना आजच हॉस्पिटलात न्या. पन्नाशीच्या पुढे चावताना जबडा भरून येणं, नवी डोकेदुखी आणि नजर अंधुक होणं हे एकत्र आलं तर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते, जायंट सेल आर्टरायटिस म्हणतात. आपल्याकडे कमी दिसतो म्हणूनच सुटतो. ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या लगेच करतात, पण रिपोर्ट आणि बायोप्सीसाठी न थांबता स्टिरॉइड सुरू करावं लागतं, कारण एकदा गेलेली नजर बहुतेक वेळा परत येत नाही आणि दुसरा डोळा काही दिवसांत जाऊ शकतो. डॉक्टरांना डोळ्याचं सगळ्यात आधी सांगा.

आणि जबडा चावताना नाही तर जिना चढताना किंवा भरपेट जेवून चालताना दुखत असेल, सोबत घाम, धाप, छातीत दाब, तर तो हृदयाचा त्रास असू शकतो, त्याला दाताच्या दवाखान्यात न जाता लगेच 108 ला फोन करा.