गोळी सोडली, गूळ आला

प्रश्न : नमस्कार ताई. मी नागपूरला मानेवाडा भागात राहते. वय ५१. आमच्या ह्यांना आठ वर्षांपासून शुगर आहे. त्यांच्यासाठी घरात साखरेऐवजी टाकायच्या गोड गोळ्यांची डबी आली तेव्हापासून मीही चहात त्याच टाकत होते, वजन वाढू नये म्हणून. मला स्वतःला शुगर नाही. दिवाळीत मोबाइलवर मेसेज आला की या गोळ्यांनी कॅन्सर होतो. त्याच दिवशी डबी फेकली. आता घरात गुळाचाच चहा असतो, दिवसाचे चार कप. हेही तोच घेतात. दिवसाआड संत्र्यांचा ताजा रस काढते, साखर न टाकता. बाकी जेवण तेच, संध्याकाळचं फिरणंही तेच. तरी दोन महिन्यांत माझं वजन ६८ वरून ७० किलो झालं आणि वाढूनच राहिलं आहे. मैत्रीण म्हणते, गोळी सोडली की अंग असंच सुटतं. खरं आहे का? परत सुरू करू का?

उत्तर : तुमचा प्रश्न वजनाचा आहे, पण मी पत्र वाचताना अडले ते ‘हेही तोच घेतात’ या वाक्यावर. आधी त्याचं बोलू. उद्या सकाळपासून यजमानांचा गुळाचा चहा बंद करा. गूळ काळपट असतो, घरगुती वाटतो, त्यात थोडं लोह आणि खनिजं असतात, हे सगळं मान्य. पण त्यातला मोठा भाग साखरच आहे आणि रक्तातली साखर तो साखरेसारखीच वाढवतो. आठ वर्षांचा मधुमेह असलेल्या माणसाने दोन महिने रोज चार कप घेतले आहेत. या आठवड्यात उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची तपासणी करून घ्या. शिवाय एचबीएवनसी करा, त्यात मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते. रिपोर्ट त्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि गुळाचंही सांगा, लपवू नका. नाहीतर वाढलेला आकडा बघून डॉक्टर औषध वाढवतील आणि कारण गूळच असेल. औषधाचा डोस घरच्या घरी कमी-जास्त करू नका. बिनगोड चहा त्यांना जमत नसेल तर तोवर गोळी चालेल.

आता तुमचं. आज सकाळी चहा टाकताना मी गुळाच्या भेलीतून पूर्वी सवयीने फोडायचे तेवढा खडा काढला आणि कपात न टाकता स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. १२ ग्रॅम भरला. साखरेचा सपाट चमचा ५ ग्रॅमच्या आत-बाहेर असतो, म्हणजे हा खडा दोन चमचे साखरेहून जास्त. चमच्याला निदान माप असतं, खडा फोडताना हात जाईल तसा फुटतो. चार कपांचे झाले ४८ ग्रॅम, म्हणजे जवळपास १८० कॅलरी. रसाच्या एका पेल्यात शंभरेक कॅलरी धरा, दिवसाआड म्हणून रोजच्या पन्नास. गोळ्यांच्या दिवसांत यातलं काहीच पोटात जात नव्हतं. रोज २३० प्रमाणे साठ दिवसांचे १३,८०० होतात. एक किलो चरबीमागे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी धरतात. शरीर इतका काटेकोर हिशेब ठेवत नाही, तरी तुमच्या दोन किलोंचा बहुतेक भाग इथे सापडतो. गोळी सोडल्याने अंग सुटत नाही. तिच्या जागी गूळ आणि रस आला, त्याने वजन वाढलं.

कॅन्सरचा तो मेसेज अर्धवट आहे. जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला, म्हणजे अशा बऱ्याच गोळ्यांना गोड करणाऱ्या रसायनाला, ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं, कारण पुरावा मर्यादित होता. त्याच वेळी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम हीच कायम ठेवली. तुमच्या ६८ किलोंना ती २,७०० मिलिग्रॅमच्या वर जाते. चहातल्या गोळ्या तिच्या आसपासही पोहोचत नाहीत.

मग परत सुरू करू का? माझं उत्तर नाही, पण कारण कॅन्सर नव्हे. मे २०२३ मध्ये याच संघटनेने सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजीच्या अशा गोळ्यांवर विसंबू नये. थोड्या महिन्यांच्या प्रयोगांत वजन किंचित उतरतं, पण वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत लठ्ठपणा आणि मधुमेह जास्त दिसतो. अर्थात, वजन वाढायला लागलेली माणसंच गोळीकडे वळतात, त्यामुळे दोष गोळीचाच असं म्हणता येत नाही. म्हणून ती शिफारस सशर्त आहे आणि आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही. तुमच्या घरात एकच डबी दोघांसाठी होती, पण दोघांचं उत्तर वेगळं आहे.

मी स्वतः तीन वर्षं या गोळ्या घेतल्या. साखर घेत नाही ना, मग चहाबरोबर एक आलुबोंडा चालतो, असं मनाशी धरून घ्यायचे. जिभेला गोड तेवढंच लागत राहिलं. गोळी सोडल्यावर मी गुळाचा खडा कमी करत गेले, तेच तुम्हाला सांगते. आठवडाभराचा गूळ एकदाच किसून डब्यात भरा, म्हणजे चमच्याने मोजता येईल. पहिले दोन आठवडे कपाला दोन सपाट चमचे, पुढचे दोन दीड, मग एक, मग अर्धा. आलं, गवती चहा भरपूर टाका. चौथा कप आधी सोडा, बहुतेकांना तो फक्त वेळ झाली म्हणून लागतो. दीड-दोन महिन्यांनी कुणाकडे पाहुणचाराचा चहा प्यालात की तो गोडमिट्ट लागेल.

आणि संत्री खाच, आपल्या नागपुरात राहून ती का सोडायची? फक्त सोलून, फोडी चावून खा. पेलाभर रसाला तीन-चार संत्री लागतात आणि चोथा टाकून दिला जातो. हातात घेऊन खाताना एक-दोन झाली की पोट भरतं.

यजमानांचा रिपोर्ट आला की मला कळवा. तुमचं वजन नंतर कळवलं तरी चालेल.